म्हातारा सुरा की म्हातारपणाचं सोंग?

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात वॉलून नावाचं एक तळं आहे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे सुट्टीला गेलेल्या बो रँडल यांना एक माणूस होडीवरचा जुना रंग सुऱ्याने खरवडताना दिसला. एवढी धसमुसळी वागणूक मिळूनही सुऱ्याची धार गेली नव्हती. रँडल चकित झाले आणि त्यांनी तो सुरा विकत घेतला. तो घडवला होता विल्यम स्केगल या मिशिगनमध्येच राहणाऱ्या, स्वतःच्या तंद्रीत काम करणाऱ्या कारागिराने. त्याच्यावरून स्फूर्ती घेऊन रँडल स्वतः सुरे बनवू लागले आणि फ्लोरिडातल्या ऑरलँडो इथला त्यांचा कारखाना पुढे जगप्रसिद्ध झाला.

आज स्केगलच्या सुऱ्याने रंग खरवडण्याची कोणाची छाती होणार नाही. न मिटणाऱ्या, सरळ पात्याच्या या शिकारी सुऱ्यांसाठी संग्राहक हजारो डॉलर मोजतात. स्केगल, रँडल, कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडचे रॉबर्ट लव्हलेस, मिशिगनच्याच ग्लॅडस्टन गावातली मार्बल कंपनी ही त्या बाजारातली मोठी घराणी. जिथे एका ठशामुळे वस्तूची किंमत शंभरपट होते, तिथे ठसे मारणारेही येतातच. पण खोटा सुरा बनवणाऱ्याला फक्त नाव कोरून भागत नाही. त्याला पन्नास-शंभर वर्षांचं म्हातारपणही तयार करावं लागतं आणि तिथेच तो सापडतो. लोखंड, चामडं, हाड आणि पितळ प्रत्येक आपापल्या चालीने म्हातारं होतं. या चौघांची वयं जुळतात का, हे पाहण्याची पद्धत रुग्ण तपासण्याच्या पद्धतीपेक्षा फार वेगळी नाही.

डॉक्टर आधी रुग्णाची हिस्ट्री विचारतात, मग त्याला तपासतात आणि शेवटी चाचण्या लिहून देतात. सुऱ्याच्या बाबतीत नवखे लोक नेमका उलटा क्रम धरतात. आधी ठसा पाहतात, ठसा पटला की बाकी सगळं पटतं. 'आजोबांचा होता, १९१० चा आहे' ही विक्रेत्याने सांगितलेली गोष्ट म्हणजे हिस्ट्री नव्हे, ती फक्त तक्रार. हिस्ट्री म्हणजे जुनी पावती, कारखान्याशी झालेला पत्रव्यवहार, मूळ मालकाच्या हातातलं छायाचित्र. आणि कागदही तपासावे लागतात, कारण कागद बनवणं पोलाद घडवण्यापेक्षा सोपं असतं.

ठशाच्या तारखेने होणारी फसगत तर अगदी नेहमीची. मार्बल कंपनीच्या 'वुडक्राफ्ट' सुऱ्यांवर पेटंटचं वर्ष १९१६ असं उमटवलेलं असतं. ते पाहून सुरा १९१६ चा आहे असं समजणारे पुष्कळ. पेटंटचं वर्ष एवढंच सांगतं की सुरा त्याच्या आधीचा नाही. नंतर किती वर्षांनी बनला याबद्दल ते मौन पाळतं. हे सुरे त्यानंतरही अनेक वर्षं बनत होते. यात कोणी फसवलेलं नसतं, आपणच घाईने वाचलेलं असतं.

आता पातं. ज्यांच्या घरी जुनी लोखंडी विळी किंवा अडकित्ता आहे, त्यांना पॅटिना वेगळा समजावून सांगायला नको. कच्ची केळी, आवळे चिरताना विळीचं पातं निळंकाळं पडतं. या पदार्थांतल्या टॅनिनचा लोखंडाशी संयोग होऊन ते गडद संयुग तयार होतं. साध्या कार्बन पोलादाच्या शिकारी सुऱ्यावर असेच थर रक्त, मांस, फळं, ओलावा आणि हाताचा घाम यांच्यामुळे वर्षानुवर्षं चढत जातात. लाल गंज वेगळा. तो सच्छिद्र असतो, सुटतो आणि आत खोल खड्डे पाडतो. काळसर, घट्ट चिकटलेला थर मात्र खालच्या धातूचं थोडंफार रक्षण करतो.

नक्कल करणारा हेच काम एका रात्रीत उरकतो. व्हिनेगर, फेरिक क्लोराइड, कडक कॉफी असं काही ना काही लावून पातं काळं केलं जातं. रंग जमतो, पण त्याचा नकाशा जमत नाही. खऱ्या सुऱ्यावर धारेजवळचा भाग उजळ असतो, कारण तिथे पुन्हा पुन्हा दगड फिरलेला असतो. मुठीजवळच्या कोपऱ्यात, जिथे पुसणारा हात नीट पोहोचत नाही, तिथे काळपटपणा साचतो. म्यानात जिथे पातं चामड्याला टेकतं, तिथे वेगळाच डाग उमटतो. आम्लात बुडवलेल्या पात्याचा रंग सगळीकडे सारखा, आणि खड्डे जवळजवळ एकाच खोलीचे. उन्हात शेतात राबणाऱ्या माणसाच्या अंगावर सदऱ्याची रेघ दिसते, तशी ही रेघ खऱ्या सुऱ्यावर शोधायची.

ठसा भिंगाखाली पाहिला की आणखी गोष्टी कळतात. ठसा साधारणपणे पोलाद मऊ असताना, म्हणजे पाणी देऊन कडक करण्याआधी मारतात. ठोक्यामुळे बाजूला सरकलेला धातू पुढच्या घासकामात सपाट होतो. आधीच कडक झालेल्या पात्यावर नंतर मारलेला ठसा उथळ उमटतो, कधी अर्धवट लागतो, आणि अक्षरांच्या कडेला धातूची बारीक उंचवट शिल्लक राहते. त्याहून बोलका पुरावा म्हणजे क्रम. एखादा जुना ओरखडा अक्षरापर्यंत येतो आणि अक्षर त्याला कापून जातं, तर अक्षर ओरखड्यानंतरचं. पातं काळं पण अक्षराचा तळ मात्र चकचकीत असेल, तरी निष्कर्ष तोच. न्यायवैद्यकात दोन जखमांपैकी आधीची कोणती हे ठरवताना असाच विचार करतात.

वैद्यकाच्या माणसाने सर्वांत जास्त वेळ घालवावा अशी जागा म्हणजे मूठ. मराठीत सांबराच्याही डोक्यावर शिंगं आणि म्हशीच्याही. प्रत्यक्षात या दोन वस्तूंचा एकमेकींशी काही संबंध नाही. म्हशीचं शिंग केराटिनचं, म्हणजे आपल्या नखा-केसांच्या जातीचं. हरणवर्गातल्या प्राण्यांचं शिंग हे खरंखुरं हाड असतं. ते दरवर्षी गळतं आणि पुन्हा उगवतं. मोठ्या जातींमध्ये त्याची वाढ भरात असताना दिवसाला एक-दोन सेंटिमीटरपर्यंत होते. निरोगी हाड या वेगाने वाढल्याचं दुसरं उदाहरण सस्तन प्राण्यांत सापडणं कठीण. बाहेरून घट्ट कवच, आत स्पंजासारखा गाभा, आणि सालीवर रक्तवाहिन्यांनी सोडलेल्या खाचा अशी त्याची रचना.

याच ठिकाणी हा सातासमुद्रापलीकडचा छंद आपल्या जंगलांशी जोडला जातो. इंग्लंडमधल्या शेफील्डपासून अमेरिकेपर्यंत सुरेवाल्यांची पहिली पसंती असे भारतातल्या सांबराच्या शिंगाला, कारण त्यात घट्ट भाग जास्त आणि पोकळ गाभा कमी. पुढे भारतातून या शिंगांची निर्यात बंद झाली. साहजिकच नवीन माल मिळेनासा झाला, जुन्याचा भाव चढला, आणि साध्या गुरांच्या हाडावर यंत्राने खाचा पाडून, रंग देऊन ते सांबरशिंग म्हणून खपवण्याचा मोह वाढला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे सांबरशिंगाच्या वस्तूंचा व्यापार हा संग्रहाचा नव्हे, गुन्ह्याचा विषय ठरतो, हेही जाता जाता लक्षात ठेवलेलं बरं. परदेशातून हौसेने असा सुरा मागवणाऱ्याला कस्टमच्या खिडकीपाशी हा धडा महाग पडू शकतो.

हाड आणि प्लॅस्टिक यांतला फरक दहापट भिंगाखाली दिसतो. हाडातून रक्तवाहिन्या नेणाऱ्या सूक्ष्म नलिका असतात, ज्यांना हॅवर्शियन नलिका म्हणतात. गुळगुळीत केलेल्या मुठीवर त्या बारीक काळ्या ठिपक्यांसारख्या किंवा तुटक रेघांसारख्या दिसतात, कारण त्यांत वर्षानुवर्षांचा मळ आणि तेल शिरलेलं असतं. साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकला या नलिका नसतात, आणि मुठीच्या दोन्ही बाजूंच्या खाचा कधीकधी तंतोतंत सारख्या निघतात. निसर्ग एकच नक्षी दोनदा काढत नाही. हस्तिदंताची ओळख आणखी वेगळी. त्याच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी दिसते. बाहेरच्या कडेजवळ या रेघांमधला कोन हत्तीत साधारणपणे ११५ अंशांपेक्षा मोठा, तर नामशेष मॅमथमध्ये ९० अंशांपेक्षा लहान असतो.

एक जुनी युक्ती अजून सांगितली जाते. सुई लाल तापवून मुठीला टोचायची आणि वास घ्यायचा. जळक्या केसांचा वास आला तर शिंग, प्लॅस्टिकचा आला तर नकली. ही चाचणी कोणीही करू नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हस्तिदंत आणि शिंगाची नक्कल म्हणून सेल्युलॉइड वापरलं गेलं. जुने कंगवे आणि पिंगपाँगचे चेंडू त्याचेच. ते नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून बनतं आणि भडकन पेट घेतं. तापलेली सुई, डोळ्यांजवळ धरलेली मूठ आणि नाकाने घेतलेला लांब श्वास यांचा परिणाम काय होईल, ते भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात काम केलेल्यांना सांगायची गरज नाही. शिवाय सेल्युलॉइड शांतपणेही त्रास देतं. जुनं झालं की त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू सुटतात. बंद कपाटात अशी एक मूठ असेल, तर शेजारची चांगली पातीही गंजू लागतात आणि कपाट उघडताच डोळे चुरचुरतात. कापरासारखा किंवा तिखट आंबूस वास येणारी, चिरा पडलेली मूठ वेगळी काढून हवेशीर, थंड जागी ठेवणं एवढंच हातात असतं.

हाड, हस्तिदंत, चामडं या सजीवांकडून आलेल्या वस्तू काळानुसार वाळतात आणि आकसतात. पितळ आणि पोलाद आकसत नाही. म्हणून खऱ्या जुन्या सुऱ्यावर बोट फिरवलं तर मुठीतल्या धातूच्या खिळ्यांची टोकं किंचित वर आलेली जाणवतात. पात्याच्या मुळाशी असलेल्या पितळी आडव्या तुकड्यापाशी मूठ केसभर आत गेलेली असते. चामड्याच्या चकत्या एकावर एक रचून केलेल्या मुठीत चकत्यांमध्ये बारीक फटी पडतात. शंभर वर्षांच्या म्हणवणाऱ्या सुऱ्यावर सगळे सांधे नखालाही लागत नसतील, तर मूठ नवी बसवलेली आहे किंवा नव्याने घासलेली आहे. धार लावून लावून पातं निम्मं झिजलंय आणि मूठ मात्र काल घेतल्यासारखी, असं दिसलं तरी तोच प्रश्न विचारायचा. तोंडात सगळे दात झिजलेले आणि एकच कोरा करकरीत असेल, तर तो दात कोणी बसवला हे दंतवैद्य विचारतोच.

नुसत्या डोळ्यांनी जमत नाही तिथे उपकरणं येतात, आणि त्यातली पहिली त्वचारोग विभागातली आहे. वूड्स लॅम्प या अतिनील दिव्याखाली डोक्यावरच्या काही बुरशी हिरव्या चमकतात, कोडाचे चट्टे पांढरे उठून दिसतात. त्याच दिव्याखाली सुऱ्याच्या सांध्यांत भरलेला आधुनिक गोंद बऱ्याचदा निळसर पांढरा चमकतो. म्यानाची शिलाई तर फारच बोलकी. कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून धाग्यात आणि साबणाच्या पावडरीत घालतात ती रसायनं साधारण विसाव्या शतकाच्या मध्यापासून सर्रास वापरात आली. तेव्हा १९१० चं म्यान आणि त्याची शिलाई दिव्याखाली लख्ख उजळली, तर शिलाई तरी नवी किंवा म्यान तरी. मात्र धुतलेल्या फडक्याने पुसलं तरी त्या पावडरीचे कण लागतात, त्यामुळे एका चमकेवर फाशी देऊ नये. आणि हा दिवा थेट डोळ्यांत जाऊ देऊ नये.

दुसरं साधन एक्स-रे. चामड्याच्या मुठीतून किरण सहज जातात आणि पात्याचा मुठीत शिरलेला भाग सांगाड्यासारखा दिसतो. जुन्या पात्याला मागून जोडलेली नवी सळई, वेल्डिंगचा गोळा, आजकालच्या आट्यांचा नट असं काही असलं की ते लपत नाही. संग्रहालयांत हे काम नेहमी होतं. सरकारी रुग्णालयाच्या एक्स-रे खोलीपुढची रांग लक्षात घेता तिथे मात्र कोणी सुरा घेऊन जाऊ नये.

तिसरं म्हणजे पोलादातली मूलद्रव्यं मोजणारं हातातलं एक्स-रे फ्लुओरेसन्स यंत्र. लव्हलेस यांच्या बाबतीत ते उपयोगी पडतं. त्यांचं नाव नकला करणाऱ्यांच्या विशेष आवडीचं, आणि त्यांनी सत्तरच्या दशकात सुऱ्यांसाठी रूढ केलेल्या १५४ सीएम या पोलादात सुमारे ४ टक्के मॉलिब्डेनम असतं. त्याआधीचा म्हणून सांगितलेला सुरा याच पोलादाचा निघाला, तर गोष्ट कालक्रमात बसत नाही. उलट नंतरच्या सुऱ्यात मॉलिब्डेनम नावापुरतंच असेल, तर वेगळी शंका. पण हे यंत्र कार्बन मोजू शकत नाही, आणि पोलादाचा प्राण तर कार्बनमध्ये. प्रत्येक चाचणीचं असं एक आंधळं अंग असतं.

इथे डॉक्टरांना रोज भेडसावणारं एक गणित सुऱ्यांनाही लागू होतं. समजा, एका मोठ्या नावाचे १०० सुरे विक्रीला आहेत आणि त्यातले फक्त १० खरे आहेत. पारखणारा माणूस चांगला आहे, दहातले नऊ वेळा बरोबर सांगतो, खऱ्यालाही आणि खोट्यालाही. तो १० खऱ्यांपैकी ९ खरे म्हणेल. पण ९० खोट्यांपैकीही ९ खरे म्हणेल. म्हणजे त्याने खरे ठरवलेल्या १८ सुऱ्यांत ९ खोटे निघतील. आकडे कल्पित आहेत, गणित नाही. दुर्मिळ आजाराची चाचणी सरसकट सगळ्यांची केली की असंच होतं. म्हणून जाणकार संग्राहक एका ओळखीवर विसंबत नाहीत. पोलाद, ठसा, मूठ, म्यान आणि कागद यांनी एकमेकांशी न बोलता एकच साक्ष द्यावी लागते.

चूक उलट्या दिशेनेही होते. कारागीर काही यंत्र नव्हता. हाताशी असेल ते वापरायचा, कधी ठसा तिरका बसायचा, कधी ग्राहकाच्या हट्टापायी भलतीच मूठ बसवायचा. 'पुस्तकात असा नाही' म्हणून अस्सल सुरा बाद झाल्याचं दुःखही या छंदात कमी नाही. आणि सगळ्यांत अवघड प्रकार म्हणजे अस्सल पातं, अस्सल म्यान, पण दोन वेगळ्या घरची. तिथे म्यानाच्या आतली झीज आणि पात्याचा आकार जुळतो का, एवढंच पाहता येतं. एखाद्या संग्राहकाने पाच वर्षांची बचत अशा जोडीवर घातलेली असेल, तर त्याला ते जुळलेलंच दिसतं. पैसे देऊन झाल्यावर नजर बदलते. म्हणून मत विचारायचं ते व्यवहाराआधी, आणि ज्याला विक्रीतून काही मिळणार नाही अशा माणसाला.

म्हातारपणाच्या या सोंगाची किंमत कधीकधी तिसराच कोणी मोजतो. पोलाद झटपट निळंकाळं करणाऱ्या बंदुकीच्या पॉलिशच्या द्रावणांत अनेकदा सेलेनियस आम्ल असतं. ते थोडंसं पोटात गेलं तरी जीव जाऊ शकतो, आणि त्यावर खात्रीचा उतारा नाही. आपल्याकडे अशी द्रावणं, आम्लं थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय घरोघरी आहे, आणि घरातल्या पोराला बाटली तेवढी ओळखीची असते. चुकून गिळलं गेलं तर उलटी करवू नये, मीठ-पाणी पाजू नये. मूळ डबा बरोबर घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावं. मूठ घासताना उडणारी हाडाची धूळही मास्कशिवाय घेऊ नये.

सुरा तपासताना कापलं तर 'गंजकं लोखंड होतं' हीच भीती सगळे बोलून दाखवतात. धनुर्वात गंजाने होत नाही. तो मातीत, शेणात सापडणाऱ्या जंतूंच्या बीजाणूंमुळे होतो, आणि खोल, मळकी जखम त्यांना मानवते. चकचकीत सुऱ्याची मळकी जखमही तितकीच वाईट. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने नीट धुवावी. ती मळकी किंवा खोल असेल आणि शेवटची लस घेऊन पाच वर्षं उलटली असतील, तर टीडीचा डोस घ्यावा.

वारशाने आलेला सुरा हाती लागला की पहिली उबळ येते ती घासून लख्ख करण्याची. पॉलिशचा बोळा फिरला की पात्याचा नकाशा, ठशातला मळ, सांध्यातली फट असा सगळा पुरावा तासाभरात जातो, आणि अस्सल सुराही संशयित ठरतो. मऊ फडक्याने धूळ टिपावी, पात्याला हलकं खनिज तेल लावावं. चामड्याच्या म्यानात तो ठेवून देऊ नये. चामडं ओलावा धरतं, कमावताना वापरलेली आम्लं त्यात असतात, आणि पितळी बटणाभोवती साचणारा हिरवा चिकट थर हा चामड्यातल्या स्निग्धाम्लांनी तांब्यावर केलेल्या कामाचाच असतो. सुरा आणि म्यान शेजारी शेजारी, पण वेगळे ठेवावेत, आणि दोन्ही कुलपात.